भरल्या गाडीचं माप

कामरगाव,
१३ जानेवारी २०२५

चि. राजपाल,

तू माझा नंबर ब्लॉक केला आहेस हे कळायला मला तीन दिवस लागले. पोस्टमनला ब्लॉक करता येत नाही, म्हणून हे रजिस्टर पत्र. सही करून घे आणि शेवटपर्यंत वाच.

गेल्या आठवड्यात कारंज्याला तेरवीच्या जेवणाला तुझी जीप पाहिली. काय रे ती चाकं? बेडकाचे डोळे बाहेर यावेत तशी मडगार्डच्या बाहेर आलेली, काळी, चकचकीत, वर लाल पट्टी. मी विचारलं, ही गाडी कुणा पुढाऱ्याच्या पोराची? तर तुमच्या वस्तीवरचा मोहनसिंग हसून म्हणाला, "बाई, तुमच्याच भाच्याची हाय."

मग तू सगळी वस्ती गाडीत कोंबून निघालास. फाटकातून उजवीकडे वळताना डाव्या मागच्या चाकातून असा आवाज आला की कुणी आत करवत चालवत होतं. तू थांबलास, मी वाकून हात लावला. टायरची कड खरवडलेली आणि माझ्या बोटांना रबराचा भुगा. तू काय म्हणालास? "आत्या, साडी खराब होईन."

याच गाडीतून तुझी आई दर सोमवारी आणि गुरुवारी मेडशीहून अकोल्याला डायलिसिसला जाते. घाट उतरून. घासणारा टायर एक दिवस फुटतो, आणि तो फुटायला सपाट रस्ता निवडत नाही. बत्तीस वर्षं मी वजनमापे खात्यात नोकरी केली. "नजरेनं बरोबर दिसते" म्हणणाऱ्या एकाही दुकानदाराला मी सोडलं नाही, तुलाही सोडणार नाही. जुन्या आणि नव्या टायरवर काय आकडे आहेत ते उलट टपाली कळव.

तुझी आत्या,
रीता

•

मेडशी,
१९ जानेवारी

आत्याबाईले राजपालचा नमस्कार.

रजिस्टर पत्र पाहून अंजू घाबरली, तिले वाटलं कोर्टाचं हाय. तुमी नंबराचं बोलता, पन तेरवीच्या मांडवात साठ मानसासमोर मले "बिनडोक" म्हनलं थे इसरल्या? मानसं जेवाचे थांबले होते. एकाच्या हातची बुंदी खाली पडली.

टायर बसवनाऱ्यानं समदं पाहून देलं. स्टेरिंग दोनीकडं फिरवलं. मांगच्या चाकात आन् मडगार्डात माही दोन बोटं जात होती, मी सोता घालून पाह्यली. मंग थोडंसं घासाले लागलं त त्यानं मडगार्डची कड हातोड्यानं आत मोडून देली. आता कधीमधीच घासते. गाडी हाय, आवाज करनच.

आकडे घ्या. जुना २१५/७५, नवा २३५/७५, दोनी पंधराच्या चाकावर. चाकंबी बदलली, मॅगव्हील, थे शोभेचे, कोनाचे तरी वापरलेले भेटले. चांगले दिसतात म्हनून घेतले. काहून, आमच्या गाडीनं चांगलं दिसू नये, असं कान्व्हेंटात शिकवलं काय?

मायची काळजी करनारा मी हाय. तुमी चार वर्सात एकदा तरी तिच्या दारात आल्या काय?

राजपाल

•

कामरगाव,
२४ जानेवारी

चि. राजपाल,

तुझ्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर मी या पत्रात देत नाही. बाकी सगळ्यांची देते.

तुझे आकडे घेऊन कारंज्याला गेले. तिथे जगदेव म्हणून एक म्हातारा आहे, चाळीस वर्षं टायर बसवतो, माणसापेक्षा टायरशी जास्त बोलतो. त्याने कागद पाहिला आणि मला स्टुलावर बसवलं. म्हणजे प्रकरण वाईट आहे हे मी तेव्हाच ओळखलं.

ऐक. नवा टायर जुन्यापेक्षा पंधरा मिलिमीटर वर चढतो आणि प्रत्येक बाजूला दहा मिलिमीटर रुंद होतो. एवढ्यावर कदाचित निभावलं असतं. पण ती तुझी शोभेची चाकं! चाक जिथे नटांनी बसतं, ती जागा त्यांच्यात आतल्या अंगाला आहे. याला ते लोक ऑफसेट म्हणतात. त्यामुळे अख्खं चाक बाहेर ढकललं जातं. जगदेवच्या अंदाजाने पंचवीस मिलिमीटर. म्हणजे टायरची कड पस्तीस मिलिमीटर बाहेर आली, आणि नेमकी मडगार्डच्या ओठाखाली येऊन बसली. गाडी उजवीकडे वळली की डाव्या अंगाला कलते, ओठ खाली येतो आणि रबर कापतो.

मी म्हटलं, पण पोरगा म्हणतो दोन बोटं जागा होती.

जगदेव म्हणाला, "बाई, गाडीत कोन होतं?"

"कोणी नाही. दुकानात उभी होती."

"मंग ती दोन बोटं रिकाम्या गाडीची. भरल्या गाडीत दोन बोटं नसतात."

राजपाल, तुझ्या दुकानदाराने रिकाम्या तागडीचं माप घेतलं आणि तू मान डोलावलीस. आता एक काम कर. मडगार्डच्या आतल्या कडेला गेरू कालवून लाव. नेहमीची माणसं नेहमीच्या जागी बसव, घाट उतरून ये आणि पाहा गेरू कुठे पुसला जातो. आणि कुणी "स्प्रिंगच्या कमानीत एक पाटा वाढवा" असा सल्ला दिला तर ऐकू नकोस. गाडी उंच होईल, पण दगडासारखी आदळेल.

खरं तर हे सगळं करायची गरजच नाही. ती चाकं काढ, जुनी लाव. दिसण्यापायी स्वतःच्या आईला घाटात घालवणारा मुलगा आमच्या घरात अजून झाला नव्हता.

रीताआत्या

•

मेडशी,
३१ जानेवारी

सौ. आत्याबाईंना अंजूचा साष्टांग नमस्कार.

मी लिहिलं हे यांना कळू देऊ नका. तुमचं पत्र वाचून ते जेवले नाहीत. फोन करावा तर घर दोन खोल्यांचं, आत्याबाई. सासूबाईंची खाट मधोमध, आणि त्यांना सगळं ऐकू येतं. म्हणून लिहिते.

चाकं दिसण्यासाठी नाही घेतली. सासूबाईंचा पाठीचा एक मणका दबला आहे. डॉक्टर म्हणतात, किडनीच्या आजारात हाडं अशी होतात. वस्तीपासून डांबरी रस्त्यापर्यंत तीन किलोमीटर नुसते खड्डे. जुन्या चाकांवर प्रत्येक खड्ड्याला त्या किंचाळायच्या. दिवाळीच्या वेळी त्यांनी खाटेचा पाय धरून ठेवला, म्हणाल्या, "मले मारायचं असन त घरीच मारा, त्या गाडीत नको." दोन वेळा डायलिसिस चुकलं. छातीत पाणी भरलं, झोपता येईना, रात्रभर भिंतीला टेकून बसायच्या. तेव्हा यांना कुणी सांगितलं, मोठा टायर लाव, मऊ चालतो. यांनी जुनी चाकं त्याच दुकानदाराला बदल्यात दिली. परत लावायला आता ती नाहीतच.

आणि खरंच मऊ चालतो, आत्याबाई. पहिल्या दिवशी सासूबाई वस्तीच्या रस्त्यावर झोपून गेल्या. हे गाडी चालवता चालवता रडले, मी पाहिलं.

तुम्ही सांगितलं तसा काल गेरू लावला. आम्ही तिघं, मोहनसिंगकाका, सेवालाल, शाळेमागची चौघं आणि दोघी बाया, असे रोजचेच सगळे होतो. सासूबाई उजव्या बाकावर अंथरुणात, बाकी डाव्या बाकावर आणि खाली. घाट उतरताना जळका वास आला. अकोल्यात पाहिलं तर डाव्या मागच्या मडगार्डचा गेरू साफ पुसलेला आणि टायरमधून पांढरे धागे दिसतात.

आता काय करू ते तुम्हीच सांगा. जुनी चाकं लावली तर त्या गाडीत बसणार नाहीत. ही ठेवली तर पोचू की नाही कळत नाही.

अंजू

•

कामरगाव,
४ फेब्रुवारी

चि. राजपाल,

पोस्टाला चार ते सहा दिवस लागतात, म्हणून हे पत्र एसटीचा कंडक्टर विनोद याच्याजवळ देते आहे. तो मेडशीच्या स्टँडवर चहावाल्याकडे ठेवेल. उत्तर त्याच्याकडेच दे.

अंजूने मला सगळं लिहिलं. तिला रागावलास तर मी तिथे येऊन तुझा कान धरीन. दिसण्यापायी वगैरे जे मी लिहिलं ते मागे घेते. असं मी आयुष्यात तिसऱ्यांदा लिहीत आहे, तेव्हा कागद जपून ठेव.

पण राजपाल, अकरा? दवाखान्याच्या फेरीलाही त्या जीपमध्ये अकरा माणसं? त्यांतली तीन सोडून बाकी सगळी एकाच अंगाला?

मी जगदेवला विचारलं, जुन्या चाकांवर गाडी इतकी का आदळत होती. तो म्हणाला, "अकरा मानसं बसवनारा हवा कशी भरत असन, बाई? दगडावानी. नाईतर चाक बसते." जुन्या टायरमध्ये तू किती हवा भरत होतास? पंचावन्न? साठ? दाराच्या आत पट्टीवर किती लिहिली आहे ते कधी वाचलंस?

आता पाहा. माणसं जास्त म्हणून हवा कडक. हवा कडक म्हणून धक्के. धक्के म्हणून मोठे टायर. मोठे टायर आणि जास्त माणसं म्हणून घासणं. सगळ्याच्या मुळाशी ते आठ फुकटे आहेत! अकोल्याला बाजार करायला, कोर्टाच्या तारखेला, सोयऱ्याला भेटायला तुझ्या आजारी आईच्या गाडीतून जातात. तुला "नाही" म्हणता येत नाही? मी शिकवते. ओठ उघडायचे आणि म्हणायचं, "उतरा."

जुन्या मापाची चाकं मी शोधते. पट्टीवरची हवा भरली आणि आत तुम्ही तिघंच बसलात तर तुझ्या आईला धक्का बसणार नाही. तोपर्यंत त्या टायरवर घाट उतरू नकोस. हात जोडते.

रीताआत्या

•

मेडशी,
७ फेब्रुवारी

आत्याबाईले नमस्कार.

फुकटे म्हनू नका. दुसरं काईबी म्हना.

बाबाले २०२१ च्या मे मधे, कोरोनात, १०८ च्या ॲम्बुलन्समधे घालून एकट्याले अकोल्याले नेलं. कोनाले संग बसू देलं नाई. माय गाडीमांगं फाट्यापर्यंत धावली, पायात चप्पल नव्हती. मांगच्या दाराच्या काचेतून बाबानं हात केला. सातव्या दिवशी फोन आला. हे तुमाले सांगाची गरज नाई, तुमचा सख्खा भाऊ होता. तुमी तवा अकोल्यातच राहत होत्या.

मायले पयल्यांदा डायलिसिसले नेलं तवा ती दारात बसकन मारून बसली. १०८ मधे ती पाय ठेवत नाई म्हनून मी जीप आनली होती, तरीबी हालेना. म्हने, "गोविंदसिंग एकटा गेला, थो वापस आला काय? एकटं जानारं मानूस येत नाई." मंग मोहनसिंगकाकानं चप्पल घातली आन् म्हनले, "चाला रे, समदे बसा. नानी एकटी नाई जाऊन राह्यली." आठ जन चढले. मायनं मोजले. मंग चढली.

तवापासून गाडी भरल्याबगर निंगत नाई. कोनाले अकोल्यात काम असो, नसो. मांगच्या सोमवारी सेवालालले काईच काम नव्हतं. थो दिवसभर दवाखान्यातल्या कडूनिंबाखाली झोपला आन् संध्याकाळी वापस आला. त्याची मजुरी बुडली. अशा मानसाले मी कोन्या तोंडानं "उतरा" म्हनू?

हवा साठ भरत होतो. पट्टी वाचली नव्हती. तुमचं बराबर हाय. पन सोमवारी डायलिसिस हाय, आन् जाग्यावर दुसरी चाकं नाईत. हळू चालवतो. याहून जास्त मले काई सुचून नाई राह्यलं.

राजपाल

•

मेडशी,
१४ फेब्रुवारी

आत्याबाई,

तुमाले आतापर्यंत कोनाकडून तरी कळलंच असन. फोन करत नाई, माय बाजूले हाय आन् मले रडू येते.

सोमवारी घाटात फुटला. डावा मांगचा, उजव्या वळनावर. हळू होतो म्हनून वाचलो, गाडी डोंगराच्या अंगाले घासत जाऊन थांबली, दुसऱ्या अंगाले गेली असती त पत्र लिहाले मी नसतो. मोहनसिंगकाकाचा हात मोडला. बाकीच्यायले खरचटलं. मायले आमी अंथरुनासकट उचलून वरून येनाऱ्या एसटीत ठेवलं. ड्रायव्हरनं मधे कुठं थांबा घेतला नाई, समद्या पाशिंजरायनं चालवून घेतलं. तरी पोचाले तीन घंटे उशीर झाला. डॉक्टरनं ऑक्सिजन लावला, दोन दिवस ठेवून घेतलं.

बुधवारी घरी आनली. काल गुरुवार होता. गाडी मी धुवून, फुटका काढून स्टेपनी लावून उभी केली. आत्याबाई, कोनी आलं नाई. मी वाट पाह्यली. सेवालालची बायको त्याचा हात धरून बसली होती. मी दोष देत नाई. मीबी नसतो बसलो.

आता तुमी म्हनत होत्या तशी गाडी रिकामी हाय. घासाले कोनी उरलंच नाई. आन् माय म्हनते, "आता समजलं ना? मानसं उतरले. मले एकटीले नेनार नाई कोनी." कालचं डायलिसिस चुकलं. पाय सुजले, बोट दाबलं त खड्डा तसाच राह्यते. झोपत नाई, भिंतीले टेकून बसली हाय. मी पाया पडलो, अंजू पाया पडली. तिनं खाटेचा पाय धरून ठेवला हाय.

सोमवार चुकला त मंग काई उरनार नाई. तुमाले काई सुचत असन त सांगा. मले शिव्या द्या, पन सांगा.

राजपाल

•

कामरगाव,
१५ फेब्रुवारी

नानीवहिनी,

हे पत्र राजपालला नाही, तुला आहे. अंजू वाचून दाखवेल. फोनवर तू येणार नाहीस, म्हणून लिहिते. अंजू, मधे थांबू नकोस आणि माझं काही गाळू नकोस.

वहिनी, मी कॉन्व्हेंट शाळेत असताना तिथे पापाची कबुली द्यायची एक खोली होती. ख्रिस्ती मुली आत जायच्या, आम्ही बाकीच्या बाहेर बाकावर पाय हलवत बसायचो. आत काय बोलतात याचं मला फार कुतूहल होतं. मला कबुलीची सवय लागली नाही ती अशी. आता त्रेसष्टाव्या वर्षी देते.

गोविंदभाऊला नेलं त्या दिवशी तू मला फोन केलास. म्हणालीस, "रीता, तू जवळ राह्यतं. दवाखान्याच्या फाटकापाशी जाऊन उभी राह्य. आत सोडत नसले तरी चालन. त्याले खिडकीतून कोनीतरी दिसलं पाह्यजे." माझ्या घरापासून दवाखाना दोन किलोमीटर होता. संध्याकाळी मी तुला फोनवर सांगितलं, "फाटकाशी उभी आहे, आत सोडत नाहीत." पुढचे सहा दिवस रोज तेच सांगितलं.

मी गेले नव्हते. एकदाही नाही. दाराला दोन्ही कड्या लावून घरात बसले होते. मला मरायचं नव्हतं.

भाऊला घरून गाडीत एकटं घातलं ते सरकारी नियमाने. पण तिथे सात दिवस तो एकटा राहिला तो माझ्यामुळे. तेराव्याला तू माझ्याकडे पाठ केलीस तेव्हा मला समजलं की तुला हे कळलं आहे. कसं कळलं ते मी कधी विचारलं नाही. चार वर्षं तुझ्या दारात आले नाही. राजपाल मला त्याबद्दल विचारत होता आणि मी त्याला टायरचे आकडे विचारत होते.

आता कामाचं. उद्या रविवारी दुपारपर्यंत मी जगदेवला घेऊन टेम्पोने तुमच्याकडे पोचते. जुन्या मापाची चारही चाकं मिळाली आहेत, साधी, लोखंडी, कुरूप. तो स्वतः बसवेल आणि पट्टीवर लिहिली आहे तेवढीच हवा भरेल. मग गेरू लावून मी स्वतः डाव्या बाकावर बसेन, आणि तुमच्या वस्तीच्या रस्त्यावरून गाडी दोनदा फिरवू. एक बोट जरी गेरू पुसला तरी तुला त्या गाडीत चढवणार नाही. ही माझी जबाबदारी.

पण चढायला तुला लागेल, वहिनी. तू, राजपाल, अंजू आणि मी. चौघं. याहून जास्त माणसं मी त्या गाडीत बसू देणार नाही, आणि एकटी तुला जाऊ देणार नाही. सोमवारीच नाही, दर सोमवारी आणि दर गुरुवारी. वाटेत माझ्याशी बोलू नकोस. बोललीस तर शिव्या दे, माझी तक्रार नाही.

नाही आलीस तर मरशील. हे तुला बाकी कुणी तोंडावर सांगणार नाही, म्हणून मी सांगते.

रीता

•

मेडशी,
१६ फेब्रुवारी, सकाळ

आत्याबाई,

विनोद पहिल्या गाडीने परत जातो आहे, तुम्ही निघायच्या आत त्याने हे तुमच्या हातात द्यावं म्हणून घाईत लिहिते.

पत्र रात्री मिळालं. वाचून दाखवलं, काही गाळलं नाही. फाटकाचं आलं तेव्हा मी कागद खाली केला. सासूबाई म्हणाल्या, "पुढं वाच." सगळं झाल्यावर भिंतीकडे तोंड करून बसल्या. हे दारात उभे होते, ते बाहेर निघून गेले. त्यांनाही हे माहीत नव्हतं. सकाळी चहा दिला तर कप हातात धरून म्हणाल्या, "लिही तिले." त्या बोलल्या तसंच लिहिते.

"तिले म्हना, गेली नव्हती थे मले पयल्याच दिवशी मालूम होतं. म्हने फाटकाशी उभी हावो, आन् फोनमधी कुकरची शिट्टी वाजली. दवाखान्याच्या फाटकावर कोन भात लावते? सात दिवस मी ऐकून घेतलं. वाटलं, आज सांगन, उद्या सांगन. चार वर्स लागले तिले."

मग त्यांनी कप खाली ठेवला. श्वास लागत होता. मी म्हटलं, सोमवारचं काय लिहू?

"चार मानसानं गाडी भरत नाई. पन तिचं एकटीचं तोंड आठ मानसाच्या बराबर हाय. ये म्हना. आन् तिथं पोचल्यावर फाटकापाशी थांबू नको म्हना. आतवर ये."

अंजू